निळ्या दिवाणखान्यातली क्न्याझना

एकतीस वर्षं मी शाळेत रशियन शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून रेडिओशी भांडायची वेळ आली, तेव्हा वेर्खोत्स्की महालाच्या संग्रहालयात दालनं सांभाळायचं काम धरलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. काम म्हणाल तर खुर्चीवर बसायचं, कुणी पडद्याला हात लावला की खाकरायचं, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. खाकरण्यात माझी बरोबरी करणारं अख्ख्या जिल्ह्यात कुणी नाही. उत्तरं देण्यातही नाही, असं मी गेल्या जानेवारीपर्यंत समजत होते.

मेहरांगेझ आमच्याकडे चार वर्षांपूर्वी साफसफाईला आली. ताजिकिस्तानातली, पंजाकेंतच्या बाजूची. नवरा इथे रशियात बांधकामावर, मुलगी आमच्या गावच्या शाळेत दुसरीला. वय पस्तिशीच्या आसपास. नाव म्हणायला जड जातं म्हणून सगळ्यांनी तिची ‘मार्गो’ करून टाकली होती. मीसुद्धा. ‘मार्गो’ म्हटलं की ती वळून बघायची, कधी कुरकुर केली नाही. मला ती राया मावशी म्हणायची.

त्या जानेवारीतल्या एका मंगळवारी बाहेर उणे सत्तावीस होतं. अशा दिवशी संग्रहालयात येतंय कोण? मी पाय मोकळे करायला निळ्या दिवाणखान्यात गेले, तर मेहरांगेझ मोठ्या चित्रासमोर उभी. पुसायचा दांडा भिंतीला टेकवलेला, जे सक्त मना आहे, आणि ओठ पुटपुटताहेत.

“काय गं मार्गो, प्रार्थना चाललीय की काय?”

“पाटी वाचतेय, राया मावशी. ही क्न्यागिन्या. जेवणघरात आहे ती क्न्याझना. दोघींत फरक काय?”

“तुला कशाला हवाय फरक? दोघींवरची धूळ सारखीच.”

ती हसली नाही. “तमारा गेली ना पर्मला, लेकाकडे? तिची खुर्ची रिकामी आहे. मी अर्ज दिलाय.”

तमारा निळा दिवाणखाना सांभाळायची. तिच्या जागेसाठी फेब्रुवारीत तोंडी परीक्षा होणार, आमचे मुख्य अभिरक्षक इग्नाती ल्वोविच स्वतः घेणार, एवढं मला माहीत होतं. पण अर्ज कुणी दिला ते माहीत नव्हतं.

“गुडघे दुखतात म्हणून?”

“गुडघे दुखतात म्हणूनही. पण तेवढंच नाही. लोक इथे येतात, या चित्राकडे बोट दाखवतात, विचारतात, ही कोण? आणि मी बादली धरून उभी. मला उत्तर द्यायचं असतं, मावशी. तोंडात येतं आणि गिळावं लागतं.”

“अगं, पण तुझी रशियन?”

“बाजारातली येते. दवाखान्यातली येते. पोलिसांशी बोलायची तर फारच छान येते. राजांची येत नाही. ती तुम्ही शिकवा.”

विनंती वगैरे काही नाही. शिकवा. मला ते आवडलं. एकतीस वर्षांत माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांपैकी निम्मी खिडकीबाहेर बघायची.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पाहुण्यांचे कोट ठेवतात त्या खोलीच्या मागे आमची चहाची खोली आहे. खुर्च्या तीन, त्यातली एक लंगडी. मी सुश्की आणायची, म्हणजे आमच्या कडक, गोड कड्या. ती घरचा नान आणि सुके जर्दाळू आणायची. लिहायला तिच्याकडे मुलीची कित्त्याची वही होती. शाळेत पहिलीला हाताने सलग अक्षरं गिरवायला देतात ती. मुलीने अर्धीच भरली होती. उरलेली अर्धी आईने घेतली.

“लिही,” मी म्हटलं. “झार. त्याची बायको झारित्सा. मुलगा झारेविच, मुलगी झारेव्ना.”

“हे येतं. मुलीच्या गोष्टींत असतात. झारेविच सारखा घर सोडून निघतो आणि झारेव्ना सारखी रडते.”

“पुढचं लिही. कोरोल. हाही राजाच, पण परका. फ्रान्सचा कोरोल, स्वीडनचा कोरोल. बायको कोरोलेवा.”

“म्हणजे परदेशी असला की कोरोल.”

“बरोबर.”

“आणि सुलेमान?”

“झार सुलेमान.”

“तो कुठे रशियन होता?”

मी सुश्की चहात बुडवली. “तो धर्मग्रंथातला गं.”

“दाऊद?”

“झार.”

“आणि आमचा दारा? इराणचा?”

“झार दारा,” मी म्हटलं, कारण आम्ही म्हणतो तसंच.

तिने पेन खाली ठेवलं. “आमचा दारा झार, आणि फ्रान्सचा तो नुसता कोरोल?”

“नुसता बिसता काही नाही. शब्द आहेत ते.”

“नाही, मला आवडलं हे. जुने, पोथ्यांतले, आपले मानलेले, ते झार. शेजारचे, ज्यांच्याशी हद्दीवरून भांडणं झाली, ते कोरोल.”

मी इतकी वर्षं शिकवलं, पण एकाही वर्गाला हे असं सांगितलं नव्हतं. “असंच काहीसं,” एवढंच म्हणाले आणि चहा संपवला. मग विचारलं, “तुमच्याकडे काय म्हणतात?”

“शहा. बायको मलिका, मुलगा शहाजादा, मुलगी शहाजादी. झालं.”

“एवढेच? राजे कमी पडले की काय?”

“राजे ढिगाने झाले. एक मेला की दुसरा त्याच शब्दात येऊन बसायचा.”

चौथ्या दिवशी आम्ही क्न्याझवर आलो. आमच्या महालाचा सगळा कारभार याच शब्दावर चालतो, कारण वेर्खोत्स्की घराणं राजांचं नव्हे, क्न्याझांचं. म्हणजे झाराच्या खालचे, जुन्या रक्ताचे संस्थानिक.

“क्न्याझची बायको क्न्यागिन्या,” मी सांगितलं. “क्न्याझची मुलगी क्न्याझना. आणि हे नीट ऐक. क्न्यागिन्या लग्नाने होता येतं. क्न्याझना जन्मानेच व्हावं लागतं, आणि लग्न झालं की ते संपतं.”

“संपतं म्हणजे?”

“दुसऱ्या क्न्याझशी लग्न केलं तर ती क्न्यागिन्या. एखाद्या मास्तराशी केलं तर मास्तरीणबाई.”

“मग नुसता शब्द वाचला तरी कळतं, लग्न झालंय की नाही?”

“लगेच कळतं.”

तिने दोन्ही शब्द कित्त्याच्या वहीत दहा-दहा वेळा गिरवले. आमच्या लिपीत ‘झ’ हे अक्षर मुलांना भुंग्यासारखं शिकवतात. मधे एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना पाय. ती जीभ दातांत धरून प्रत्येक भुंग्याचे पाय काढत होती. मी म्हटलं, पुरे आता, कुणी तुला लिहायला सांगणार नाहीये. तिने ऐकलं नाही.

निळ्या दिवाणखान्याशेजारच्या दालनात कपितोलिना बसते. तिला आम्ही कापा म्हणतो. कापाच्या भाचीनेही याच खुर्चीसाठी अर्ज दिला होता, हे मला त्या आठवड्यात कळलं. कापा चहाच्या खोलीत डोकावून म्हणायची, “काय, विद्यापीठ चालू आहे? मार्गो, पीटर्सबर्गला कधी निघालीस?”

मी मेहरांगेझला संबोधनं शिकवली होती. झाराला ‘महाराज’, झारेविचला ‘युवराज’, आणि क्न्याझला ‘आपलं तेज’. दुसऱ्या दिवशी सकाळी कापा खुर्चीवर पाय पसरून बसली होती. मेहरांगेझ ओलं फडकं घेऊन तिच्यासमोर गेली आणि अदबीने म्हणाली, “आपलं तेज जरा पाय वर घेईल का? खाली पुसायचंय.”

मी दोन दालनं पलीकडे होते, तरी मला हसू आवरायला रुमाल तोंडात धरावा लागला. कापाने पाय वर घेतले. आठवडाभर ती ‘तेजा’चा अर्थ इतरांना विचारत हिंडत होती आणि सगळे तिला वेगवेगळा सांगत होते.

जानेवारीच्या शेवटी दुरुस्तीहून एक जुना गाण्यांचा संग्रह परत आला. निळ्या कातडी बांधणीची वही, हाताने उतरवलेली गाणी आणि सुरावटी. तिची पहिली दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती प्रयोगशाळेत सुटी करून दिली. इग्नाती ल्वोविच यांनी वही स्वतः आणून निळ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवली, त्याच मोठ्या चित्राच्या खाली. नव्याने सुटलेलं पान उघडं ठेवलं. त्यावर तिरक्या हाताने एक ओळ, खाली सही आणि साल. शेजारी छापील पाटी: ‘क्न्यागिन्या एलिझावेता वेर्खोत्स्काया यांचा गीतसंग्रह, पतीकडून भेट, १८३९.’

वर चित्र. तेही १८३९चं. पांढऱ्या पोशाखातली, मान किंचित वळवलेली एक मुलगी. पाटीवर तीच क्न्यागिन्या एलिझावेता, क्न्याझ वासिली यांची पत्नी. आता हिशेब केला तर क्न्यागिन्या त्या साली सेहेचाळीस वर्षांची होती. चित्रात अठराची दिसते. पाहुणे हमखास विचारायचे, आणि मी हमखास सांगायची, “चित्रकार हुशार होता. त्याला जेवण क्न्यागिन्येच्या हातचं होतं.” लोक खो-खो हसायचे. माझा सगळ्यात चालणारा विनोद तो. नऊ वर्षं चालला.

पेटीची काच रोज सकाळी मेहरांगेझ पुसायची. आठवड्याभरात ती माझ्याकडे आली. हातात फडकं तसंच.

“राया मावशी, पाटी चुकलीय.”

“कुठली?”

“वहीची. आणि मग चित्राचीही. साल तेच, आणि दिसते अठराची.”

मी चष्मा लावून तिच्यामागे गेले. पानावर लिहिलं होतं, अमुक लिझाला, तिच्या नामदिनी, क्न्याझ व. वे. लिझा म्हणजे एलिझावेताच, आणि नामदिन म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. त्या ‘अमुक’चाच प्रश्न होता. आमच्या भाषेत ‘क्न्याझनेला’ म्हणायचं तर ‘क्न्याझने’ लिहितात, आणि ‘क्न्यागिन्येला’ म्हणायचं तर ‘क्न्यागिने’. छापलं तर गोंधळ नाही. पण जुन्या शाईत, घाईच्या हाताने लिहिलं, की मधे नुसती दोन-तीन वळणं दिसतात.

“क्न्यागिने,” मी वाचलं.

“क्न्याझने,” ती म्हणाली. “भुंगा आहे तो.”

“ते ‘गि’ आहे. आधी आकडा, मग दोन काठ्या.”

“मधली रेघ बघा ना. ती वरपासून खालपर्यंत एकच जाते. ‘गि’ला अशी रेघ येत नाही. मी किती गिरवलेत, मावशी. आणि दुसरं म्हणजे, नवरा बायकोला क्न्याझना म्हणेल का? तुम्हीच सांगितलंत, लग्न झालं की संपतं.”

“अगं, म्हणूनच तर ते क्न्यागिने आहे!”

“तुम्ही उलटं वाचताय. आधी ठरवलंय कोण ते, आणि मग अक्षर बघताय.”

मला राग आला. एका झाडणाऱ्या बाईने मला वाचायला शिकवावं, हा तो राग होता. आता सांगायला लाज वाटते, पण तोच होता. मी म्हटलं, “हे बघ, इग्नाती ल्वोविच तू जन्मायच्या आधीपासून असली कागदपत्रं वाचताहेत. परीक्षेत पाटीवर आहे तेच म्हण. खुर्ची मिळाली की मग काय ते भुंगे मोज.”

ती परत काच पुसायला लागली. मला वाटलं, पटलं.

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका सोमवारी होती. सोमवारी संग्रहालय बंद असतं. इग्नाती ल्वोविच उंच, वाकलेले, कायम गळपट्टा गुंडाळलेले. ते खुर्चीवर न बसता दालनातून चालत प्रश्न विचारतात. जुन्या कर्मचारी म्हणून कापा आणि मी कोपऱ्यात बसलो होतो. आधी कापाच्या भाचीची पाळी. मुलगी चुणचुणीत, आवाज गोड, सगळं घडाघडा सांगितलं. सेहेचाळीस आणि अठराचा माझा विनोदही सांगितला. इग्नाती ल्वोविच हसले. कापाने मला कोपराने ढोसलं.

मग मेहरांगेझ आली. अंगात राखाडी स्कर्ट, वर पांढरा सदरा. ॲप्रनशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होते. इग्नाती ल्वोविच यांनी झार आणि कोरोल विचारले, तिने सांगितले, दारासकट. त्यांच्या भुवया वर गेल्या. चिनी मातीची भांडी विचारली, घड्याळ विचारलं. तिची वाक्यं छोटी होती, उच्चार तिचे तिचे होते, पण चूक एकही नव्हती. मी मनात आकडे मोजावेत तसे प्रश्न मोजत होते.

“आता हे चित्र,” ते म्हणाले.

“ही क्न्याझना एलिझावेता वेर्खोत्स्काया,” मेहरांगेझ म्हणाली.

कापा फिसकन हसली. “एवढं विद्यापीठ केलं आणि ‘क्न्यागिन्या’सुद्धा येत नाही!”

“क्न्यागिन्या,” इग्नाती ल्वोविच यांनी शांतपणे दुरुस्त केलं. “क्न्याझना म्हणजे मुलगी. क्न्यागिन्या म्हणजे पत्नी.”

“हो, मला माहीत आहे. म्हणूनच क्न्याझना म्हटलं.”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पेटीजवळ जाऊन उभी होती.

“हा शब्द तुम्ही वाचा,” ती म्हणाली. “सावकाश वाचा. एकेक अक्षर.”

इग्नाती ल्वोविच यांना आजवर कुणी ‘सावकाश वाचा’ म्हटलं नसेल. ते वाकले. “क्न्यागिने लिझे,” ते म्हणाले. आवाज जरा चढलेला.

“पहिल्या तीन अक्षरांनंतर काय आहे?”

“‘गि’.”

“खाली ‘नामदिनी’ लिहिलंय. त्यात ‘नि’ आहे. त्याच्या काठ्या कशा आहेत? लहान, ओळीत बसलेल्या. याची मधली रेघ त्यांच्या दुप्पट आहे. आणि डावीकडे-उजवीकडे पाठीला पाठ लावून दोन वाट्या. मी मुलीच्या वहीत कित्ता गिरवलाय, अक्षर नवीन शिकणाऱ्याला अक्षर दिसतं. तुम्हाला शब्द दिसतो.”

ते वाकलेलेच राहिले. कापा काही बोलायला गेली तर त्यांनी मागे न बघता हात वर केला. मग खिशातून भिंग काढलं. चष्मा कपाळावर सरकवला.

मी कशी उठले कळलं नाही, पण उठले आणि त्यांच्याजवळ गेले. या वेळी खरंच बघितलं. त्या दिवशी मी बघितलं नव्हतं, नुसती पाटी आठवून वाचली होती. भुंगा होता. सगळे पाय शाबूत.

“इग्नाती ल्वोविच,” मी म्हणाले, “ही मला आठ दिवसांपूर्वीच सांगत होती. मीच तिला गप्प बसवलं. एकतीस वर्षं शाळेत हे अक्षर तपासलेली मी सांगते, हे ‘झ’ आहे.”

ते सरळ उभे राहिले, चष्मा खाली घेतला आणि मेहरांगेझकडे बघितलं.

“क्न्याझ वासिलींना मुलगी झाली होती, एलिझावेताच नावाची,” ते सावकाश म्हणाले. “घराण्याच्या वंशावळीत तिचं नाव खोडलेलं आहे. आम्ही आजवर धरून चाललो, की लहानपणीच वारली.”

“लहानपणी वारलेल्या मुलीचं नाव कुणी खोडत नाही,” मेहरांगेझ म्हणाली. “त्याच्यापुढे तारीख लिहितात. नाव खोडतात ते रागावल्यावर.”

परीक्षेचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. इग्नाती ल्वोविच गळपट्टा सावरत खाली तळघरात गेले, जिथे संग्रहालयाच्या जुन्या नोंदवह्या असतात. जाता जाता वळून म्हणाले, “तुम्ही दोघीही चला. राइसा फ्योदोरोव्ना, तुम्ही आणि…” आणि अडकले. “आपलं पूर्ण नाव काय?”

“मेहरांगेझ सफारोव्ना.”

“चला, मेहरांगेझ सफारोव्ना.”

चार वर्षांत महालात तिला वडिलांच्या नावासकट हाक मारणारे ते पहिले. मी तिच्या शेजारून जिना उतरत होते. माझी मान खाली होती. मी तिला पहिल्या दिवसापासून ‘मार्गो’ म्हणत होते, आणि स्वतःला मात्र कुणी नुसतं ‘राया’ म्हटलेलं मला शाळेत कधी खपलं नव्हतं.

तळघरातून तीन वह्या निघाल्या. सगळ्यात जुनी, शंभर वर्षांपूर्वीची, महाल सरकारकडे आला तेव्हाची. तिच्यात चित्राची नोंद होती, नावाआधी तीन अक्षरांचं लघुरूप: क, न आणि झ. म्हणजे क्न्याझना. तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या वहीत उतरवणाऱ्याने दोनच अक्षरं घेतली. तेवढ्यावरून क्न्याझही वाचता येतं, क्न्यागिन्याही. तिसऱ्या वहीत कुणीतरी ते पूर्ण लिहिताना विचार केला असणार, चित्र बाईचं आहे, म्हणजे क्न्यागिन्या. त्यानंतर सगळ्यांनी तीच वही वाचली. इग्नाती ल्वोविच यांनी वाचली, मी त्यांच्याकडून ऐकलं, पाहुण्यांनी माझ्याकडून.

“सत्तर वर्षं,” इग्नाती ल्वोविच पुटपुटले. “मीसुद्धा इथे येऊन त्यात एकवीस घातली.”

“इथे तिचं मूळ नाव कुणी पुसलं नव्हतं ना,” मेहरांगेझ म्हणाली. “पहिल्या वहीत होतंच की.”

मार्चमध्ये इग्नाती ल्वोविच जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन आले आणि चर्चच्या नोंदींतून बाकीचं घेऊन आले. क्न्याझना एलिझावेता वासिलियेव्ना हिचं लग्न १८४१मध्ये जिल्ह्याच्या डॉक्टरशी झालं. डॉक्टर एका पाद्र्याचा मुलगा. नोंदीत वधूकडून साक्षीदार म्हणून दोघं नोकर आणि एक गाणं शिकवणारी बाई, घरचं कुणीच नाही. त्यानंतर ती कुठे डॉक्टरीणबाई म्हणून सहीत आढळते, कुठे देवीच्या लशीच्या यादीत नवऱ्याची मदतनीस म्हणून. वडिलांनी नाव खोडलं, पण चित्र काढून टाकलं नाही आणि वहीही जपून ठेवली. ते का, हे कुणाला माहीत नाही. इग्नाती ल्वोविच यांचा एक अंदाज आहे, मेहरांगेझचा दुसरा. त्या दोघांचं यावर चहाच्या खोलीत अजून भांडण होतं आणि मी कुणाचीच बाजू घेत नाही.

खुर्ची तिलाच मिळाली. आमच्या संग्रहालयाच्या वार्षिक अंकात इग्नाती ल्वोविच यांनी लेख लिहिला, त्यात पहिल्याच परिच्छेदात तिचं पूर्ण नाव आहे. तो अंक तिने पंजाकेंतला आईकडे पाठवला. आईला रशियन वाचता येत नाही, पण नाव दाखवायला पुरे, असं ती म्हणाली. कापा दहा दिवस आमच्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी येऊन म्हणाली, “बरं झालं, माझ्या भाचीला तशी एका जागी बसायची सवयच नाही.” आणि मग, जरा थांबून, “ते तेज म्हणजे नक्की काय गं, मेहरांगेझ?”

“मान आहे तो, कपितोलिना सेम्योनोव्ना,” मेहरांगेझ म्हणाली. “मी मानच दिला होता.”

फरशी पुसायला आता दुसरी बाई आली आहे, तिचं नाव आम्ही पहिल्या दिवशीच नीट विचारून घेतलं.

मे महिन्यात पाहुण्यांची रीघ लागली. एका सकाळी गावच्याच शाळेची चाळीस मुलं आली. बुटांवर फरशी जपायला दिलेल्या नमद्याच्या सपाता चढवून घसरत, ढकलाढकली करत निळ्या दिवाणखान्यात शिरली. मेहरांगेझ एका आजोबांना घड्याळ दाखवत होती, म्हणून मीच पुढे झाले. नऊ वर्षांची सवय जिभेवर बसलेली. “मुलांनो, ही क्न्यागिन्या एलिझावेता,” मी सुरुवात केली, “आणि हिचा चित्रकार मोठा हुशार…”

“क्न्याझना, राया मावशी,” घड्याळाजवळून आवाज आला.

चाळीस डोकी तिकडे वळली, मग माझ्याकडे. मुलांना काय, शिक्षिकेचं चुकलं की त्यांना सुट्टीच मिळते.

“क्न्याझना,” मी मोठ्याने म्हटलं. “माझं चुकलं. आणि चित्रकार हुशार बिशार काही नव्हता, जसं दिसलं तसं त्याने काढलं. ही खरंच अठरा वर्षांची होती. पुढचं तुम्हाला मेहरांगेझ सफारोव्ना सांगतील.”

ती आजोबांना “एक मिनिट हं” म्हणाली, मुलांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि विचारलं, “तुमच्यापैकी कुणाचं नाव वडिलांनी रागाने खोडलंय?”

तीन हात वर झाले. बाकीचे हसायला लागले. मी खाकरले नाही. हळूच मागे होऊन माझ्या दालनात आले आणि दार उघडंच ठेवलं. मलाही ऐकायचं होतं.